रायफलची अचूकता वाढवायला हँडलोडिंग शिकावं की सराव वाढवावा?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासात असता, ३०८ मापाच्या काडतुसाची बोल्ट अॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीआधी बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो ती) आहे, शंभर यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) पडतो, तो इंचाच्या आत आणायचाय आणि त्यासाठी हँडलोडिंग करावं, म्हणजे रिकाम्या पितळी (ब्रासच्या) केसमध्ये नवा प्रायमर, पावडर आणि बुलेट घालून काडतुसं घरीच भरावीत, आणि प्रेस, डाय (केस परत मापात दाबायचा साचा), तराजू असा सगळा संसार मांडावा का. शिवाय रेंजवर कुणीतरी तुम्हाला सांगितलं की फॅक्टरीच्या काडतुसांवर नेम कधी लागतच नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी पुढे गेलो असतो. पण हेच वाक्य मी आमच्या साडूंकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, त्यामुळे आता बसलोय लिहायला.

माझं मत: आधी सराव, मग हँडलोडिंग, आणि हँडलोडिंगसुद्धा बेताचं. मी स्वतः काडतुसं भरतो, तेव्हा द्राक्षं आंबट म्हणून बोलत नाहीये. ओहायोत राहतो, सर्व्हिस रायफल म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींची स्पर्धा मारतो, २२३ ची एआर-१५ घेऊन (गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी), आणि तीही बारीक भोकातून नेम धरायच्या पीप साइटवर. २०१६ पासून या स्पर्धेत दुर्बीण चालते, पण माझं जुनंच बरं आहे.

साडू इंडियानात. मला या नादाला त्यांनीच लावलं हे मान्य, आणि माणूस मदतीला अर्ध्या रात्री धावून येणारा. पण बंदुकीचा विषय निघाला की संपलं. तळघरात प्रेस, दोन-तीन तराजू, ब्रास तापवून मऊ करायचं मशीन, बुलेट केसमध्ये सरळ बसली की वाकडी ते दाखवणारं गेज. रिकाम्या केसेस वजनाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. पाहुण्यांना चहा यायच्या आधी फोनवर तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवतात, तिन्ही भोकं एकमेकांत मिसळलेली. चौथी गोळी का मारली नाहीत असं मी एकदा विचारलं, तर वहिनींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

माझी सुरुवात कोल्हापूरची, कॉलेजातल्या एनसीसीतली. २२ ची रायफल, गोळ्या मिळायच्या मोजून पाच, बाकी सगळा वेळ रिकामी रायफल घेऊन जमिनीवर पालथं पडायचं. हवालदारसाहेब नळीवर रुपया ठेवायचे आणि चाप ओढायला लावायचे. रुपया पडला की पुन्हा. तेव्हा शिव्या घातल्या मनातल्या मनात, पण श्वास अर्धा सोडून थांबणं, चाप झटक्यात न ओढता दाबत नेणं आणि गोळी सुटल्यावरही डोळा साइटवरून न काढणं हे सगळं तिथेच अंगात मुरलं.

तर इथे आल्यावर पहिले काही सीझन माझी काडतुसं साडूच भरून द्यायचे. मी पैसे द्यायला गेलो तर घ्यायचे नाहीत, आणि ते बरोबरच होतं, कारण अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, पण विकण्याचा धंदा करायचा तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. माझा स्कोअर वाढत गेला. क्लबातलं एक छोटंसं मेडल मिळालं. त्या वर्षी गणपतीला त्यांच्या घरी सगळे जमलेले, आरती होऊन ताटं वाढली जात होती, आणि हे सगळ्यांदेखत म्हणाले, "काडतुसं माझी, मेडल याचं!" सगळे हसले. मीही हसलो. सासरेबुवा भारतातून आलेले, त्यांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे गोळ्या तुम्ही मारल्या का?" त्यावर साडू म्हणाले, "तसंच समजा." जिलबी घशाखाली उतरेना माझ्या. संध्याकाळी तळघरात उभा राहून रिकाम्या रायफलवर घाम गाळायचो तो मी, आणि श्रेय गेलं बंदुकीच्या दारूच्या डब्याला.

हे मनात असतानाच पुढच्या मोसमात एक प्रकार घडला. आमच्या कोर्समध्ये दोनशे यार्डांवर उभ्याने दहा गोळ्या सावकाश, मग दोनशेवरच बसून दहा गोळ्या साठ सेकंदांत, तीनशेवर पालथं पडून पुन्हा दहा जलद, आणि शेवटी सहाशेवर पालथ्याने वीस सावकाश. एकूण पन्नास गोळ्या, पाचशे गुण. बसून मारताना आधी दोन गोळ्यांचं मॅगझिन, मग बदलून आठांचं. मी मॅगझिन बदललं, एक मारली, आणि पुढच्या गोळीला बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलून बंद करणारा भाग) पूर्ण बंदच होईना. थोडासाच मागे राहिलेला. पुढे ढकलायचं बटण असतं एआरला, पण अडलेलं काडतूस जोर लावून आत कोंबायचं नसतं. हात वर केला. वेळ संपली, टार्गेट खाली खंदकात गेलं, वर आलं तेव्हा त्यावर तीनच भोकं. न मारलेल्या गोळीचा शून्य. रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली ते काडतूस बाहेर काढलं, तर केसच्या खांद्यावर, म्हणजे ती जिथे निमुळती होते तिथे, गोल चकचकीत घासल्याची रेघ उमटलेली.

साडूंना फोन केला. म्हणाले, "चेंबर साफ करत जा रे." मी ते काडतूस घेऊन पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि जाताना एक साधं केस गेज घेऊन गेलो. पोलादाचा छोटा ठोकळा असतो, आत चेंबरच्या मापाचं भोक. बरोबर भरलेलं काडतूस त्यात टाकलं की बूड कडेच्या पायरीत बसतं. त्यांचं टाकलं तर बूड वर राहिलं, बोट फिरवलं की नख अडकत होतं. कारण अगदी साधं: त्यांच्याकडेही २२३ च आहे, पण बोल्ट अॅक्शन, आणि त्यांची डाय त्यांच्या त्या रायफलच्या चेंबरला जुळवलेली. एकदा मारलेली केस चेंबरच्या मापाला फुगते. बोल्ट अॅक्शनमध्ये तीच केस परत त्याच रायफलीत जाणार असेल तर खांदा एक-दोन हजारांश इंच मागे सरकवला तरी पुरतं, आणि काही जण तर फक्त मान (बुलेट धरणारं केसचं तोंड) दाबतात. एआरला ते चालत नाही. तिथे केस पूर्ण लांबीभर दाबून घ्यावी लागते, कारण बोल्ट बंद करायला तुमच्या हाताचा जोर नसतो, स्प्रिंग असते. साडूंनी गेजकडे बघितलं, काडतूस काढून परत टाकलं, आणि म्हणाले, "गेज स्वस्तातलं दिसतंय."

त्या दिवशी मी ठरवलं की आपलं आपण भरायचं.

हे तुम्हाला सांगायचं कारण, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालू नका, तो साडू असो की रेंजवरचा तज्ज्ञ. माझं नशीब की नुसतं अडकलं. पावडर चुकीची किंवा जास्त पडली असती तर हे उत्तर लिहायला बोटं शिल्लक असती की नाही कोण जाणे.

आता मी भरायला लागलो आणि मला खरंच काय मिळालं ते ऐका. दोनशे यार्डांवर उभ्याने: काहीही नाही. त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ सात इंचांचं, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या कोनाहून थोडं जास्त (एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच). माझा हात उभ्याने त्याहून जास्त डोलतो. काडतूस अर्ध्या मिनिटाने सुधारलं तर ते त्या डोलण्यात कुठल्या कुठे विरून जातं. बसून आणि तीनशेवर: अडकायचं बंद झालं, बाकी तेच. सहाशेवर मात्र फरक पडला, आणि मी तो नाकारणार नाही. तिथे ८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) लांब बुलेट वापरतो. ती केसमधून इतकी बाहेर राहते की मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक हाताने घालावी लागते. ती वाऱ्याला कमी हलते. शिवाय प्रत्येक गोळीचा वेग सारखा असला की सहाशेवर गोळ्या वरखाली पसरत नाहीत. वेगात सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला तर शंभर यार्डांवर तो दिसतही नाही, सहाशेवर साधारण दीड इंच होतो.

पण वारा बघा ना. माझ्या काय किंवा तुमच्या ३०८ च्या १६८ ग्रेनच्या बुलेटला काय, आडव्या वाऱ्याच्या ताशी एका मैलाला सहाशेवर सुमारे तीन इंच सरकवायची ताकद असते. सहाशेच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ बारा इंचांचं. म्हणजे ताशी दोन मैलांनी वारा ओळखायला चुकलात की बरोबर मधली गोळी कडेला. वेगातले वीस फूट दुरुस्त करायला साडू सबंध हिवाळा घालवतात, आणि वारा वाचायला सहाशेच्या लायनीवर कधी पडत नाहीत. झेंडा बघायचा, दुर्बिणीतून तापलेल्या हवेच्या लहरी कुठे झुकतायत ते बघायचं, शेजारच्याची गोळी कुठे पडली ते बघायचं, आणि खंदकात टार्गेट ओढायची पाळी येते तेव्हा टंगळमंगळ न करता दुसऱ्यांच्या गोळ्या कशा सरकतात ते टिपायचं. हे कुठल्या मशीनमधून निघत नाही.

शेवटी एकदा हा वाद मिटवू म्हणून मी साडूंना म्हटलं, एक मॅच मी दुकानातल्या काडतुसांवर मारतो, तुम्ही तुमच्या सर्वांत आवडत्या लोडवर मारा. ७७ ग्रेनची मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) काडतुसं विकत घेतली. उभ्याने, बसून आणि तीनशेवर माझा स्कोअर नेहमीचाच आला. सहाशेवर काही गुण गेले, जाणारच होते. साडू उभ्याने मारायला आले तेव्हा बेंच नाही, वाळूची पिशवी नाही, बायपॉड नाही. पहिली गोळी सातात, दुसरी पाचात, तिसरी कुठे गेली ते खंदकातल्या लोकांनाही सापडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं मग ट्रिगर जड आहे, ऊन डोळ्यांवर आहे, वगैरे. सहाशेवर मात्र त्यांचा ग्रुप वरखाली जेमतेम हाताएवढा होता, मान्य. फक्त तो सगळाच्या सगळा डावीकडे आठात होता, कारण वारा बदलला आणि हे आपले साइटला हात न लावता मारत राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "सहाशेवर तुझे गुण गेले ना? मग मी काय सांगत होतो?" तर वाद काही मिटलेला नाही.

आता तुमचा प्रश्न. दीड इंचाचा ग्रुप किती गोळ्यांचा? तीन गोळ्यांचा असेल तर तो दीड इंच आहे की अडीच, हे तुम्हालाही माहीत नाही. दहा गोळ्या मारा, एकाच टार्गेटवर, नळी जास्त न तापवता. मग स्टॉकचे (दस्त्याचे) आणि स्कोपच्या (दुर्बिणीच्या) रिंगांचे स्क्रू बघा. निम्म्या लोकांचा रोग तिथेच सापडतो. नळी स्टॉकला कुठे टेकते का ते कागद सरकवून बघा. मग १६८ किंवा १७५ ग्रेनच्या मॅच बुलेटची एक-दोन खोकी विकत आणा आणि पुन्हा दहा-दहा मारा. चांगला मारणारा कुणी ओळखीचा असेल तर त्यालाही तीच रायफल, तीच काडतुसं द्या. त्याचा ग्रुप इंचात आला आणि तुमचा दीडच राहिला, तर पैसे कशावर खर्च करायचे ते तुम्हीच ठरवा. दोघांचाही दीड आला तर मग हँडलोडिंगचा विचार करायला हरकत नाही.

हँडलोडिंगमध्ये सर्वांत मोठा फायदा तुमच्या नळीला मानवणारी बुलेट शोधण्यात आहे. त्यानंतर पावडरचं वजन सारखं ठेवणं, आणि बुलेट किती खोल बसवायची ते. केसेस वजनाने निवडणं, प्रायमरचं भोक घासणं, मानेची जाडी कातणं हे सगळं बेंचरेस्टवाल्यांचं, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणाऱ्यांचं. तिथे हजारांश इंचांवर स्पर्धा जिंकतात, त्यांनी जरूर करावं. तुम्हाला आणि मला एक लोड सापडला की तो वहीत लिहून दोन वर्षं त्याला हात न लावणं उत्तम. लोक दर महिन्याला नवा लोड बनवतात आणि ग्रुप लहान-मोठा झाला की पावडरला श्रेय देतात. खरं तर तो नुसता योगायोग असतो. आणि पैसे वाचतात हे खरं, मॅच काडतूस घरी निम्म्याच्या आसपास पडतं, पण वाचलेल्या पैशांच्या तुम्ही जास्त गोळ्या मारणार. तसं केलंत तर मात्र माझा आशीर्वाद.

सरावाचं काय विचाराल तर घरातच सुरू करा. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि मग भिंतीवर पाच यार्डांवर आठ मिलिमीटरचा काळा ठिपका. दोनशे यार्डांवरचा तेरा इंची काळा गोल तेवढाच दिसतो. आमच्या तळघराच्या भिंतीवर बायकोच्या पाकिटातली काळी टिकली चिकटवलेली आहे. रोज पंधरा मिनिटं उभ्याने. चाप सुटला त्या क्षणी साइट कुठे होती ते घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे मोठ्याने बोलायचं: तीन वाजता (उजवीकडे), सहा वाजता (खाली). रेंजवर गेलात की तेच वहीत लिहायचं आणि मग भोक कुठे आहे ते बघायचं. बोललेली जागा आणि भोक जुळत असेल तर काडतूस बरं आहे, चूक तुमची. जुळत नसेल तरच रायफलीवर किंवा काडतुसावर संशय घ्या. साडू हे कधीच करत नाहीत, म्हणून त्यांना कायम काडतूसच सापडतं.

आणि कोल्हापूरचा आहे म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. दोघंही २२ रिमफायरवर. रिमफायरचं काडतूस घरी नीट भरताच येत नाही, कारण प्रायमरचा मसाला केसच्या काठातच भरलेला असतो. म्हणजे जगातले हे सगळे रायफलवाले फॅक्टरीचंच काडतूस मारतात! तुमच्या रेंजवरच्या त्या गृहस्थांना हे जरूर सांगा. आता साडू यावर म्हणतात की ते लोक कारखान्यात जाऊन आपल्या नळीला कुठला लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) मानवतो ते तपासून घेतात, म्हणजे काडतूस महत्त्वाचं ठरलंच. बरोबर आहे. लॉट तपासून होतो, आणि उरलेलं वर्ष ती माणसं पोझिशनमध्ये असतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता. भरायचं ठरवलंत तर बुलेट किंवा पावडरच्या कंपनीचं छापील मॅन्युअल घ्या आणि त्यातल्या सुरुवातीच्या कमी वजनापासून हळूहळू वर या. इंटरनेटवर कुणी सांगितलेला आकडा वापरू नका, म्हणून मी इथे एकही दिलेला नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. भरताना फोन नको, टीव्ही नको. प्रायमर चपटा पडायला लागला किंवा बोल्ट उघडायला जड गेला की थांबा, एक ग्रेनही पुढे जाऊ नका. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी आला तरी थांबा, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढची मारलीत तर नळी फुटते. चष्मा लावा, नंतर हात धुवा. टेक्सासच्या उन्हात काडतुसं गाडीत ठेवू नका. तापलेल्या पावडरने दाब चढतो आणि हिवाळ्यात निर्धोक असलेला लोड ऑगस्टमध्ये तसा राहत नाही.

भारतातून कुणी हे वाचत असेल तर यातलं हँडलोडिंग तुमच्यासाठी नाही. तिथे काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, रायफलच्या परवान्यावर ते चालत नाही. टिकली मात्र कुठेही चालते, फक्त रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून.